कॉलेजची फी, दोन उत्पन्नं आणि एक पावती

बारावीचा निकाल आणि सीईटीचा स्कोअर हातात आला की मावळातल्या घरांत फीची जुळवाजुळव सुरू होते. कुणी एफडी मोडतं, कुणी पतसंस्थेत जातं, कुणी भावाकडे शब्द टाकतं. फी भरून झाली की पावती घडी घालून कपाटात जाते आणि थेट पुढच्या जुलैत, विवरणपत्राच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर निघते. "एक लाख बेचाळीस हजार भरलेत, एवढे तरी टॅक्समधून सुटतील ना?" हा प्रश्न तेव्हाचा. तोवर उशीर झालेला असतो. त्या पावतीचं काय करायचं हे प्रवेशाच्या दिवशीच ठरवायला हवं असतं, आणि ते ठरवायला आधी घरात वर्षाला किती येतं हे कागदावर मांडावं लागतं.

थोडा गोंधळ परदेशातल्या नातेवाइकांमुळेही होतो. अमेरिकेत 'अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट' नावाची सवलत आहे. ती एका विद्यार्थ्यामागे वर्षाला कमाल २,५०० डॉलर थेट करातून कमी करते. मुलगा आई-वडिलांवर अवलंबून आहे का, हे ठरवताना त्याच्या वर्षभराच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक भार त्याने स्वतः उचलला का, हे तिथे पाहतात. शिकणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती त्या हिशोबात धरत नाहीत. आपल्याकडे असं थेट क्रेडिट नाही. इथे मिळते ती उत्पन्नातली वजावट. म्हणजे एक लाखाची वजावट मिळाली तर ५ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ५,२०० रुपये वाचतात, ३० टक्क्यांवाल्याचे ३१,२००. ज्याला कर लागतच नाही त्याचा एक रुपयाही वाचत नाही. या शेवटच्या गटात मावळातली बहुतेक घरं आहेत, आणि तरीही पावत्यांची सगळ्यात जास्त धावपळ तीच करतात.

कर न लागण्याचं कारण साधं आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, आणि पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याची रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते. मात्र नव्या प्रणालीत मुलांच्या फीची वजावट नाही आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचीही नाही. तळेगाव एमआयडीसीतल्या कारखान्यात वर्षाला ९ लाख पगार घेणाऱ्या वडिलांनी फीची पावती कंपनीत दिली काय आणि न दिली काय, नव्या प्रणालीत त्यांचा कर शून्यच आहे.

म्हणून शिक्षणखर्चाचा हिशोब मांडताना मी घरांचे तीन गट करतो. आई-वडिलांचं मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर तुमचा खरा पैसा शिष्यवृत्तीत आहे. प्राप्तिकराकडे पाहूही नका. उत्पन्न ८ लाखांच्या वर असून कमावत्या माणसाचा कर शून्यच येत असेल, तर शिष्यवृत्तीही नाही आणि करसवलतीचा उपयोगही नाही. हा गट सगळ्यात अवघडलेला. कमावत्या माणसाचा पगार पावणेतेरा लाखांच्या वर गेला, तरच पुढचा कराचा हिशोब कामाचा. दोघं कमावते असतील तर एक लक्षात ठेवा: शिष्यवृत्तीसाठी दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात, कर मात्र प्रत्येकाचा वेगळा. नवरा-बायकोचे नऊ-नऊ लाख असतील तर दोघांचाही कर शून्य, पण शिष्यवृत्तीच्या दारात ते अठरा लाखांचं कुटुंब असतं.

पहिल्या गटापासून सुरुवात करू. महाडीबीटी पोर्टलवरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या प्रवर्गातल्या आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग देते. मर्यादा ८ लाखांची, प्रवेश कॅप फेरीतून झालेला हवा, आणि कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांपुरता लाभ. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने चित्रच बदललं. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातल्या, पालकांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची. त्याच्या वरच्यांसाठी फ्रीशिप आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी ती जरूर पाहावी. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातून पुण्यात राहायला जाणाऱ्या किती तरी मुलांचे आई-वडील या व्याख्येत बसतात, पण अर्ज करत नाहीत.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हे लाभ गेले. खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला तरीही गेले. तळेगाव परिसरात कॉलेजच्या शेजारीच खासगी विद्यापीठही दिसतं आणि नावं मिळतीजुळती असतात. प्रवेश घेण्यापूर्वी ही संस्था सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहे की स्वतःच विद्यापीठ आहे, एवढं विचाराच. एका प्रश्नात चार वर्षांची निम्मी फी अडकलेली असते.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. वडगावच्या तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यातलं उत्पन्न आणि प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, पण दाखल्यात ते धरतात. इंद्रायणी भाताच्या दोन एकरांतून जे काही सुटतं, तेही त्यात आलं. लोणावळ्यात बंगल्याची एखादी खोली पर्यटकांना दिली जाते, तिचं भाडं आलं. उलट प्राप्तिकरातल्या वजावटी दाखल्यात कमी होत नाहीत. वर्षाला ८ लाख ४० हजार पगार असलेला माणूस प्रमाणित वजावट कापून "माझं तर ७ लाख ६५ हजारच" म्हणतो आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. तो अर्ज चुकीचा आहे.

याच्या नेमकं उलट प्रकरण अधिक धोक्याचं. कर्ज हवं म्हणून बँकेसाठी विवरणपत्रात उत्पन्न ९ लाख दाखवायचं आणि शिष्यवृत्तीसाठी तलाठ्याकडे साडेतीन लाख सांगायचे. दोन्ही कागद आता पॅन आणि आधारने एकाच माणसाला जोडलेले आहेत. मिळालेली रक्कम परत भरण्याची वेळ आली तर ती मुलाच्या शेवटच्या वर्षात येते, जेव्हा कॉलेजकडून कागद सोडवून घ्यायचे असतात.

आता पावती. अभियांत्रिकीच्या प्रवेशाची एक नेहमीसारखी पावती समोर धरू. आकडे उदाहरणादाखल आहेत. शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी, १,०५,०००. विकास शुल्क १२,५००. परीक्षा शुल्क ५,०००. ग्रंथालय, जिमखाना, विमा मिळून ४,०००. विद्यापीठ शुल्क १,०००. अनामत रक्कम ५,०००. कॉलेजची बस १०,०००. एकूण १,४२,५००. जुन्या प्रणालीत फीची वजावट देणाऱ्या कलम ८०-सी मध्ये यातला मोजता येणारा आकडा एकच, पहिला. विकास शुल्क आणि देणगी कायद्यानेच वगळलेली आहे. बस, वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप, लोणावळा-पुणे लोकलचा पास, बारावीच्या आधीचे क्लास, यांतलं काहीच चालत नाही. शिक्षण पूर्णवेळ हवं आणि संस्था भारतातली हवी. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यात शिक्षण शुल्क व विकास शुल्क वेगळं दाखवलेलं असतं. तेव्हा कॉलेजने सगळं मिळून एकाच आकड्याची पावती दिली, तर लेखा विभागाकडे फोड असलेली पावती मागा. ती देणं त्यांना अवघड नसतं. मागायची वेळ मात्र प्रवेशाचीच. मार्चअखेर तोच कारकून तुम्हाला ओळखणारही नाही.

याच पावतीवर मुलाला निम्म्या शुल्काची शिष्यवृत्ती मिळाली, तर ५२,५०० शिक्षण शुल्काचे आणि २,५०० परीक्षा शुल्काचे, असे ५५,००० सरकारने भरले. मग वजावटीला तुमच्या खिशातले ५२,५०० उरले. कायद्याचे शब्द पालकाने 'भरलेल्या' रकमेबद्दल आहेत. कधी शिष्यवृत्ती कॉलेजच्या खात्यात जाते, कधी विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते, आणि बऱ्याचदा ती वर्ष उलटल्यावर येते. पालकाने आधी पूर्ण फी भरली आणि नंतर निम्मी परत आली, तर पूर्ण फीवर दावा करून वर परतावाही ठेवणं मला योग्य वाटत नाही. जी रक्कम परत मिळणार हे प्रवेशाच्या वेळीच ठाऊक आहे, ती पहिल्यापासून बाजूला ठेवा. अर्थात, ज्याला शिष्यवृत्ती लागू आहे त्याचा कर बहुधा शून्यच असल्याने हा पेच फार थोड्या घरांत येतो.

शिष्यवृत्ती मुलाच्या हातात पडली म्हणून तिच्यावर कर लागत नाही. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. कामाच्या मोबदल्यात मिळालेला पगार किंवा मानधन मात्र उत्पन्नच. मुलगा शनिवार-रविवारी लोणावळ्यातल्या हॉटेलात काम करत असेल किंवा विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत असेल, तर तो पैसा त्याचा. एवढ्या रकमेवर कर येत नाही आणि तो वडिलांच्या उत्पन्नात मिळवायचाही नसतो. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याज मात्र आई-वडिलांच्या, ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या, उत्पन्नात जातं. अठरा पूर्ण झाली की ते व्याज मुलाचं.

फी कोणी भरली हा पुढचा प्रश्न, आणि आपल्या एकत्र घरांत तो फारसा सरळ नसतो. ८०-सी ची सवलत फक्त आई किंवा वडिलांना, आणि प्रत्येकाला दोन अपत्यांपुरती. आजोबांनी पेन्शनमधून नातीची फी भरली, चुलत्याने पुतण्याची भरली, मोठ्या भावाने धाकट्याची भरली, तर यांतल्या कुणालाच ती मिळत नाही. आजोबांना किंवा चुलत्याला मदत करायचीच असेल तर त्यांनी ती रक्कम वडिलांच्या खात्यात द्यावी आणि वडिलांनी आपल्या खात्यातून फी भरावी. जवळच्या नातेवाइकाकडून आलेल्या भेटीवर कर नाही. वडिलांचे वडील आणि सख्खा भाऊ त्यात येतात. थेट कॉलेजच्या काउंटरवर रोख मोजले की हा रस्ता बंद होतो.

आई-वडील दोघं जुन्या प्रणालीत असतील तर एकाच मुलाची फी दोघांत वाटून घेता येते, पण ज्याने जितकी भरली तितकीच. एक रुपया दोघांच्या विवरणपत्रात दिसता कामा नये. हे वाटणं का लागतं पाहा. वडिलांचा मूळ पगार महिना ६०,००० असेल तर त्यांचा भविष्य निर्वाह निधी वर्षाला ८६,४०० होतो. आयुर्विम्याचा हप्ता ३०,००० धरा. हे दोन्ही ८०-सी मध्येच मोजतात, म्हणून तिथल्या दीड लाखाच्या एकूण मर्यादेत उरले ३३,६००. म्हणजे १,०५,००० शिक्षण शुल्कापैकी ७१,४०० रुपये कराच्या दृष्टीने वायाच. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असेल, जुन्या प्रणालीत असेल आणि तिची मर्यादा शिल्लक असेल, तर ती रक्कम तिने तिच्या खात्यातून भरावी. पण 'असेल' तीनदा आलं हे ध्यानात घ्या.

मग जुनी प्रणाली घ्यावी की नाही? तिसऱ्या गटासाठी एक पूर्ण उदाहरण करून पाहू. पगार १६ लाख, स्वतःचं घर, भाडं नाही. नव्या प्रणालीत ७५ हजार कापून १५ लाख २५ हजार उरतात. त्यावर कर १,०८,७५० आणि उपकर धरून १,१३,१००. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८०-सी चे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, असं सगळं घेतलं तरी करपात्र उत्पन्न ११ लाख ७५ हजार राहतं आणि कर उपकरासह १,७१,६०० येतो. फीची पावती वापरायच्या हौसेने जुनी प्रणाली धरली, तर या माणसाला ५८,५०० रुपयांचा फटका बसतो. दोन्हीकडे सारखा कर यायचा तर प्रमाणित वजावटीखेरीज सुमारे ५ लाख ६९ हजारांच्या वजावटी हव्यात. वर धरलेल्या ३ लाख ७५ हजार भरल्या. उरलेले १ लाख ९४ हजार कुठून आणायचे? भाड्याच्या घरात राहणाऱ्याला घरभाडे भत्त्यातून काही मिळेल. बाकीच्यांना एकच मोठी जागा आहे: शैक्षणिक कर्जाचं व्याज.

माझं मत यातूनच झालंय. नुसत्या फीच्या पावतीसाठी जुनी प्रणाली धरावी अशी स्थिती आता जवळपास कुणाची उरलेली नाही. शैक्षणिक कर्ज मोठं असेल आणि जोडीला गृहकर्ज किंवा घरभाडं असेल, तरच दोन्ही हिशोब शेजारी-शेजारी मांडा.

हे व्याज कलम ८०-ई मध्ये येतं आणि त्याला रकमेची वरची मर्यादा नाही. व्याज पूर्ण वजा होतं, मुद्दल अजिबात नाही. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या उच्च शिक्षणासाठी घेतलेलं हवं. ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात त्या विद्यार्थ्यासाठीही चालतं. शिक्षण परदेशातलं असलं तरी चालतं, आणि ८०-सी पेक्षा हा मोठा फरक आहे. अट एवढी की अभ्यासक्रम बारावी किंवा तत्सम परीक्षेनंतरचा हवा. त्यामुळे दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलाच्या कर्जाचं व्याज इथे अडकतं. कर्ज बँकेचं, अधिसूचित वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. मावळात फीची पहिली सोय पतसंस्थेतून होते, कारण ती गल्लीत असते आणि दोन दिवसांत पैसे देते. पतसंस्थेच्या कर्जाचं, मित्राकडच्या उसनवारीचं किंवा कंपनीने दिलेल्या ॲडव्हान्सचं व्याज ८०-ई मध्ये चालत नाही. सोनं तारण ठेवून काढलेलं कर्ज शिक्षणासाठी होतं हे पुढे सिद्ध करणंही अवघड. थोडा वेळ लागला तरी बँकेतून 'शैक्षणिक कर्ज' याच नावाने कर्ज घेण्यात शहाणपण आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्राच्या यादीतल्या संस्थेत असेल, तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते. तिच्यासाठी जामीनदार किंवा तारण लागत नाही.

८०-ई ची सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे तिचं घड्याळ. ज्या वर्षी तुम्ही पहिलं व्याज भरता ते वर्ष आणि पुढची सात, अशी आठ वर्षं ही वजावट मिळते. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष बँक सहसा हप्ता मागत नाही. पण साठत जाणाऱ्या व्याजाचा भार नको म्हणून काही पालक त्या काळातच व्याज भरू लागतात. कर्ज कमी करायला ते चांगलं आहे, मात्र घड्याळ त्याच दिवशी सुरू होतं. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वरचं एक वर्ष अशी पाच वर्षं तुम्ही व्याज भरलं, तर मोठे हप्ते सुरू झाल्यावर सवलतीची तीनच वर्षं उरतात. वडील तीस टक्क्यांच्या टप्प्यात आणि जुन्या प्रणालीत असतील तर शिक्षणकाळातलं व्याजही त्यांना उपयोगाचं आहे. त्यांचा कर शून्य असेल तर वजावटीची वर्षं उगाच खर्ची पडतात. मग व्याज भरायचं की नाही हे फक्त बँकेच्या व्याजदराकडे पाहून ठरवा.

हप्ता कोणाच्या खात्यातून जातो हेही आधी ठरवा. बहुतेक कर्जांत मुलगा कर्जदार आणि वडील सहकर्जदार असतात. वजावट ज्याने कर्ज घेतलंय आणि आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरलंय त्याची. मुलगा नोकरीला लागला, त्याचा पगार १० लाख आहे, कर शून्य आहे, आणि तोच हप्ते भरतोय. वडिलांचा पगार १८ लाख आहे आणि ते जुन्या प्रणालीत आहेत. अशा घरात हप्ता वडिलांच्या खात्यातून गेला तर फायदा आहे. वडील सहकर्जदार नसतील तर मात्र त्यांना काहीच मागता येणार नाही. आधीच्या उदाहरणातल्या १६ लाख पगाराच्या माणसाने मुलीच्या परदेशातल्या शिक्षणासाठी २० लाखांचं कर्ज काढलं आणि १० टक्क्यांनी वर्षाचं २ लाख व्याज भरलं, तर जुनी प्रणाली त्याला नव्यापेक्षा जेमतेम १,३०० रुपयांनी स्वस्त पडते. घरभाडे भत्ता असता तर फरक मोठा झाला असता.

परदेशी पाठवणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक घेते तो आगाऊ कर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त पाठवले तर कापला जातो. तो बुडत नाही, विवरणपत्रात जमा धरता येतो. आणि अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा पहिली पाच वर्षं तिथल्या करकायद्यात सामान्यतः अनिवासी धरला जातो, त्यामुळे वर सांगितलेलं तिथलं क्रेडिट त्याला बहुधा मिळत नाही. तिकडच्या मामाला मिळतं म्हणून भाच्याला मिळेल असं नाही.

जमीन विकून फी भरणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं, कारण मावळात हे फार घडतं. १२ लाखांपर्यंत कर शून्य ही सूट जमिनीवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याला लागू होत नाही, आणि त्या नफ्यातून ८०-सी किंवा ८०-ई सुद्धा वजा होत नाही. ग्रामीण शेतजमीन असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण 'ग्रामीण' हे सातबाऱ्यावरून ठरत नाही, नगरपालिकेपासूनच्या सरळ रेषेतल्या अंतरावरून ठरतं. लोणावळा आणि तळेगाव दाभाडे या नगरपरिषदांची लोकसंख्या दहा हजार ते एक लाखाच्या टप्प्यातली असल्याने त्यांच्या हद्दीपासून २ किलोमीटर, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन ग्रामीण ठरत नाही. मुंबईकर ग्राहकाने विसार दिला की आधी हे अंतर मोजून घ्या, मग कॉलेजची निवड करा.

कागदांसाठी फार मोठी व्यवस्था लागत नाही, एक वही पुरते. प्रत्येक भरण्याला तीन रकाने: कशासाठी भरले, कोणाच्या खात्यातून गेले, आणि ते मुळात कुठून आले, म्हणजे पगार, कर्ज, शिष्यवृत्ती, नातेवाइकाची भेट की मुलाची कमाई. तळेगावकरांना पैशापैशाची नोंद नवी नाही. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली इथला काचकारखाना निघाला होता. वहीत तारीख जरूर लिहा. वजावट रक्कम ज्या आर्थिक वर्षात भरली त्या वर्षाची असते. कॉलेजचं शैक्षणिक वर्ष त्यात पाहत नाहीत. जूनमध्ये पहिला हप्ता आणि एप्रिलमध्ये दुसरा भरला तर ती दोन वेगळी वर्षं झाली.

बँकेकडून दर एप्रिलमध्ये व्याजाचा दाखला घ्या, त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं हवं. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या विवरणपत्रापासून ८०-ई मागताना बँकेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची थकबाकी, असा सगळा तपशील भरावा लागतो. नुसता आकडा टाकून चालत नाही. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर तपासणी मोहीम घेतली, आणि कमिशनवर परतावा मिळवून देणारे मध्यस्थ त्यात सापडले. "सर, टाकून द्या ८०-सी मध्ये फुल" असं म्हणणाऱ्याला आणि टाकून देणाऱ्याला, दोघांनाही हे लागू आहे. आधीच चुकीचं भरलं असेल तर सुधारित विवरणपत्र, आणि त्याची मुदत गेली असेल तर अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. त्यात कर जास्त लागतो पण नोटीस येण्याआधी मार्ग मोकळा असतो.

जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरावंच लागतं. पगारदारांसाठी ही मुदत सहसा ३१ जुलैची. तारीख चुकली की नवी प्रणालीच गळ्यात पडते, मग व्याज कितीही असो. चिक्कीचं दुकान, हॉटेल, टॅक्सी असा धंदा असणाऱ्यांना त्यासाठी १०-आयईए हा अर्जही वेळेत द्यावा लागतो, आणि पगारदारांसारखं दर वर्षी मन बदलता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू झाला असून त्यात ८०-सी चं कलम १२३ आणि ८०-ई चं कलम १२९ झालंय. ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलेल्या फीचं विवरणपत्र जुन्याच क्रमांकांनी भरायचं आहे. पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये नवे क्रमांक दिसले तर दचकू नका.

आणि ज्यांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांना एक विनंती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जून-जुलैची वाट पाहू नका. मार्च संपला की वर्षाचं उत्पन्न ठरलेलं असतं. एप्रिलमध्येच महा-ई-सेवा केंद्रात अर्ज द्या, पगारदार असाल तर फॉर्म १६ हाती येताच तो जोडून ठेवा, आणि मुलाचं बँक खातं आधारला जोडलंय का तेही त्याच फेरीत तपासा. शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा भरून भागत नाही, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली आणि दुसऱ्या वर्षी अर्जच केला नाही, अशी मुलं दर वर्षी असतात.